ठेकेदाराच्या माणसांचा पगार आणि पीएफ खरंच भरला जातो का? बिलाच्या फायलीतून कसं शोधायचं

सकाळी साडेसहाला आपला रस्ता झाडणारी बाई महापालिकेची असते असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ती ठेकेदाराची असते. सरकारी कचेरीच्या दारातला रखवालदार, आत बसलेला डेटा एंट्रीचा मुलगा, रुग्णालयातली आया, सगळीकडे हीच गत. पैसा मात्र आपलाच. कार्यालय ठेकेदाराचं बिल काढतं, ठेकेदार माणसांना पगार देतो, आणि या दोन टप्प्यांत किती गळतं ते बघायची जबाबदारी असलेला माणूस बिलावर सही करून मोकळा होतो.

ही गळती शोधता येते. पुण्यातल्या निरनिराळ्या कार्यालयांत मी हे इतक्या वेळा केलंय की, व्हॉट्सॲपवर फिरणारे माहिती अधिकाराच्या अर्जाचे नमुने दिसले की डोकं फिरतं. ‘गेल्या पाच वर्षांतील सर्व कंत्राटी कामगारांच्या वेतनाची संपूर्ण माहिती मिळावी’ हा त्यातला लाडका. असा अर्ज करणं म्हणजे अधिकाऱ्याला ‘नाही’ म्हणायचं कारण आयतं लिहून देणं. ‘कामगारांना किमान वेतन दिले जाते काय? नसल्यास का नाही?’ हा त्याचा धाकटा भाऊ. माहिती अधिकारात ‘का’ला उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. फायलीत असलेला कागद देणं मात्र बंधनकारक आहे.

जागा, ठेका, महिना

तिन्ही एकेकच. महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. त्यातलं एक घ्या, त्यातलं एकच काम घ्या. महिना तीन-चार महिन्यांपूर्वीचा निवडा, म्हणजे बिल निघालेलं असेल. मार्च टाळा, तेव्हाची बिलं एकमेकांत अडकलेली असतात. ठेकेदाराचं नाव कामगाराच्या जॅकेटवर किंवा ओळखपत्रावर मिळतं, कार्यादेशाचा (वर्क ऑर्डरचा) क्रमांक विभागात विचारा. नाही सांगितला तर कामाचं नाव आणि महिना लिहूनही चालतं.

अर्ज कुणाच्या नावाने

तुमच्या. कामगाराच्या नावाने कधीही नाही. पहिल्यांदा मी एका ताईंच्याच नावाने अर्ज टाकला, कारण पगार त्यांचा होता आणि मला ते न्याय्य वाटलं. आठवड्याच्या आत मुकादमाने त्यांना घरापासून दोन बस लांबच्या हजेरी कोठीवर टाकलं. ती चूक माझी होती. कलम ६(२) प्रमाणे माहिती का हवी ते सांगावं लागत नाही, तेव्हा कोणी विचारलं तरी कामगाराचं नाव काढू नका.

नमुना ‘जोडपत्र अ’, वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का. झालं. (पीएफ कार्यालय केंद्राचं आहे, तिथे हे तिकीट चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावा.)

आता खरी मेख: मागायचं काय

माझे सुरुवातीचे दोन अर्ज इथेच मेले. मी लिहिलं होतं, ‘ठेकेदाराने कामगारांना दिलेल्या वेतनाची माहिती द्यावी.’ उत्तर एका ओळीचं: ‘सदर माहिती ठेकेदाराकडे असून या कार्यालयाशी संबंधित नाही.’ अपील केलं, सुनावणीला गेलो, कलमं म्हणून दाखवली. सात महिने गेले. शेवटी निवृत्तीला आलेल्या लेखा विभागातल्या एका कारकुनाने चहाच्या टपरीवर मला सांगितलं, “अहो, ठेकेदाराचं कशाला मागता? माझ्या फायलीत जे टाचलंय ते मागा.”

ठेकेदाराचं बिल नुसतं निघत नाही. सोबत हजेरी, पगारपत्रक, बँकेची यादी, पीएफ आणि ईएसआयची (राज्य विम्याची) चलनं जोडावीत अशी अट टेंडरमध्ये बहुतेक वेळा असते. हे कागद एकदा बिलाला टाचले गेले की ते कार्यालयाच्या अभिलेखाचा भाग होतात. मग ‘ठेकेदाराकडे आहे’ हे उत्तर टिकत नाही. कागद जोडलेलेच नसतील तर तसं लेखी द्यावं लागतं, आणि ‘कागद नसताना बिल काढलं’ ही कबुली तर सोन्यासारखी.

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. मी हल्ली एवढंच लिहितो:

‘कार्यादेश क्र. … अन्वये … या महिन्याच्या अदा केलेल्या देयकासोबत जोडलेल्या पुढील कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात: कामगारांचे हजेरीपत्रक, वेतनपत्रक व बँकेत वेतन जमा केल्याची यादी, भविष्य निर्वाह निधी व राज्य विमा यांची चलने आणि त्यांसोबतच्या नाववार याद्या, देयक मंजुरीची टिपणी. कागदपत्र जोडलेले नसल्यास तसे नमूद करावे. आधार, बँक खाते व यूएएन क्रमांक झाकून प्रती द्याव्यात.’

(यूएएन म्हणजे कामगाराचा पीएफचा क्रमांक.) यातले दोन शब्द गाळाल तर सगळी मेहनत पाण्यात. पहिला ‘देयकासोबत जोडलेल्या’. दुसरा ‘नाववार’. नुसतं चलन मागितलं तर चलन मिळतं, त्यावर बँकेचा भरणा दिसतो आणि आपण समाधानाने घरी येतो. मी आलो होतो. एका कार्यालयातल्या ६२ माणसांच्या बिलाला जोडलेलं चलन २१४ माणसांचं होतं. मला वाटलं, चला, जास्तच भरलाय. पुढे दुसऱ्या एका कार्यालयाच्या फायलीत तेच चलन सापडलं, तोच टीआरआरएन (भरण्याचा ओळख) क्रमांक, तीच तारीख, फक्त झेरॉक्स जरा फिकी. ठेकेदाराची माणसं चार ठिकाणी, चलन एकच, आणि ते चारही बिलांना टाचलेलं. भरणा खोटा नव्हता. पण आमच्या ६२ पैकी २३ नावं त्या यादीत नव्हतीच, आणि ते नावं जुळवल्याशिवाय कुणाच्या बापाला कळलं नसतं.

शेवटचं वाक्य, क्रमांक झाकण्याचं, हे नम्रतेपोटी नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं आणि ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणं सोपं झालं. त्यामुळे जे झाकायला हवं ते आपणच झाका म्हणायचं. कलम १० नुसार उरलेला भाग देता येतो. तरीही नावं नाकारली तर अपिलात दोन मुद्दे मांडा. एक, जनहित मोठं असेल तर माहिती द्यावी असं सांगणारं कलम ८(२) अजून शाबूत आहे. दुसरा, पीएफ संघटनेच्याच संकेतस्थळावर ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’मध्ये ठेकेदाराचं नाव टाकलं की महिनावार भरणा दिसतो, आणि कर्मचारी संख्येवर टिचकी मारली की नावांची यादी उघडते. केंद्राची संस्था जे सगळ्या जगाला दाखवते, ते क्षेत्रीय कार्यालयाला गुपित कसं वाटतं, एवढंच शांतपणे विचारायचं. आवाज चढवू नका, सुनावणीत त्याचा उपयोग शून्य.

खरं तर ही ‘सर्च’ अर्ज टाकायच्या आधीच करून बघा. फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते.

वाट पाहणं

३० दिवस. प्रत पानाला दोन रुपये. मुदत उलटली तर कलम ७(६) नुसार फुकट. उत्तर नाही किंवा वाकडं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचं तिकीट लावून. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे, पण तिथली रांग लांब आहे. म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा आणि तिथेच ‘फायलीची पाहणी द्या’ म्हणा. पाहणीचा हक्क कलम २(ञ) मध्येच आहे. राज्य सरकारने २०१८ साली सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहू देण्याचं परिपत्रक काढलं, तेही पुण्यातल्या पद्धतीवरून; पण कुठल्या कार्यालयात ते पाळतात हे दारात गेल्यावरच कळतं, त्यावर विसंबू नका.

कागद जुळवणं

पट्टी आणि पेन्सिल घ्या. एक्सेल नंतर.

आधी हजेरी आणि पगारपत्रक: नावं तीच आहेत का, दिवस तेच आहेत का. मग पीएफच्या यादीत, जिला ईसीआर म्हणतात, ‘वेज मंथ’, म्हणजे कुठल्या महिन्याचा पगार, ते बघा. जूनच्या पगाराचा पीएफ १५ जुलैपर्यंत भरायचा असतो, त्यामुळे जूनच्या बिलाला मेचं चलन लावलेलं दिसेल. ते चालतं. फेब्रुवारीचं असेल तर चालत नाही.

त्याच यादीत शेवटाकडे ‘एनसीपी डेज’ असा रकाना असतो, म्हणजे कामावर नसलेले दिवस. याच्याकडे कुणीच बघत नाही. हजेरीत २६ दिवस भरलेले आणि इथे एनसीपी १४? म्हणजे कार्यालयाकडून पूर्ण महिन्याचे पैसे घेतले आणि पीएफ अर्ध्या महिन्याच्या पगारावर भरला.

मग कपात. कामगाराच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, ईएसआय ०.७५ टक्के. मालकाचे १२ आणि ३.२५ टक्के ठेकेदाराने वेगळे भरायचे असतात; ते कामगाराच्याच पगारातून कापलेले दिसले तर सरळ चोरी आहे, ‘पद्धत आहे’ हे ऐकून घेऊ नका. बायकांच्या पगारातून २०० रुपये व्यवसाय कर कापलाय का तेही बघा. एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ आहे.

किमान वेतनाचा दर मात्र नेटवरच्या कुठल्याही तक्त्यावरून उचलू नका. कामाच्या प्रकारानुसार दर वेगळे असतात, स्थानिक संस्थांमधल्या कामाचा वेगळा, आणि विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. ठेकेदार सोयीचा, म्हणजे कमी असलेला दर लावतात. त्या सहामाहीचं कामगार आयुक्तांचं परिपत्रक काढून त्यावरूनच हिशेब करा.

तक्रार

बिल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पत्र, प्रत लेखा विभागाला. पीएफचा घोळ असेल तर गोळीबार मैदानाजवळच्या पीएफ कार्यालयाला, ईएसआयचा असेल तर बिबवेवाडीला, पगाराचा असेल तर कामगार आयुक्त कार्यालयाला. पत्र एका पानाचं, सोबत तुमचा जुळवणीचा तक्ता: नाव, हजेरीचे दिवस, ईसीआरमधले दिवस, फरक. भाषणबाजी नको.

‘ठेकेदाराचं बिल थांबवा’ असं मात्र लिहू नका. ऐकायला जोरदार वाटतं, पण बिल थांबलं की ठेकेदार सगळ्यात आधी पगार थांबवतो आणि त्या साठ घरांत तुमच्या नावाने खडे फोडले जातात. त्याऐवजी लिहा की, थकबाकी कार्यालयाने थेट कामगारांच्या खात्यात भरावी आणि ती रक्कम ठेकेदाराच्या बिलातून किंवा सुरक्षा ठेवीतून वळती करावी. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि २०२० च्या कामगार संहितेतही ती कायम आहे. मूळ मालक म्हणजे इथे ते कार्यालयच, आणि हे त्यांना आठवण करून द्यावं लागतं.

पत्राची पोच घेऊन निघताना त्याच खिडकीवर पुढच्या महिन्याच्या बिलाचा नवा अर्ज टाकून या. तिकीट सोबत ठेवा. आयत्या वेळी शोधायला गेलं की मिळत नाही.