आठ जीबीच्या लॅपटॉपवर राउटरची लॅब कशी उभारावी

नांदेड, लातूर, परभणीत राहून सीसीएनएची (सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या परीक्षेची) तयारी करणाऱ्यांच्या हाती खरा राउटर क्वचितच लागतो. त्यासाठी पुणं गाठायची गरज नाही. राउटरचं सॉफ्टवेअर, म्हणजे त्याची इमेज, आपल्या लॅपटॉपवरही चालते.

आधी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन व्हर्च्युअलायझेशन (एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवण्याची सोय) चालू करा. इंटेलवर ते व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम या नावाने सापडतं. मग जीएनएस३, म्हणजे लॅपटॉपवर नेटवर्कची लॅब उभारायचं सॉफ्टवेअर, आणि त्याचं व्हीएम (आभासी संगणक) टाका. दोन्हींची आवृत्ती एकच हवी.

खरी अडचण इमेजची. सिस्कोच्या इमेज जीएनएस३सोबत येत नाहीत. टेलिग्रामवर फिरणाऱ्या फाइलींच्या नादी लागू नका; त्यांना परवाना नसतो आणि आत कोणी काय घुसवलंय ते कळायला मार्ग नाही. सिस्कोच हवं असेल तर मॉडेलिंग लॅब्ज या त्यांच्याच लॅब सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती आहे, पाच नोडपर्यंत, म्हणजे लॅबमधल्या पाच उपकरणांपर्यंत. माझं मत विचाराल तर सुरुवात मायक्रोटिक कंपनीच्या सीएचआर या आभासी राउटरने करा. एका राउटरला २५६ एमबी रॅम पुरते. मोफत परवान्यात प्रत्येक इंटरफेसला १ एमबीपीएसचीच मर्यादा, पण मुदत संपत नाही. ओएसपीएफ, म्हणजे राउटर एकमेकांना रस्ते कळवतात ती पद्धत, शिकायला एवढा वेग भरपूर झाला.

अप्लायन्स (राउटरची तयार मांडणी) इम्पोर्ट करताना जीएनएस३ इमेज फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा, तपासतं. तो जुळला नाही तर बहुधा डाउनलोड अर्धवट झालेलं असतं किंवा आवृत्ती दुसरीच असते.

आता तीन राउटर ठेवा: नांदेड, परभणी, लातूर. त्रिकोणात जोडा, प्रत्येकाला लूपबॅक (राउटरच्या आतला, कायम चालू राहणारा पत्ता) द्या, सगळीकडे ओएसपीएफ एरिया शून्य, म्हणजे तिघेही एकाच गटात. नांदेडहून लातूरच्या लूपबॅकला पिंग सुरू ठेवा आणि नांदेड-लातूर या थेट लिंकवर राइट क्लिक करून सस्पेंड करा. पिंग थांबेल. घाबरून काही बदलू नका, बघत राहा. इंटरफेस चालूच दिसत असेल, तर फक्त पाकिटं अडलेली असतात. अशा वेळी शेजारच्या राउटरचे दर १० सेकंदांचे हॅलो (‘मी आहे’ सांगणारे संदेश) येईनासे झाले तरी शेजारी गेल्याचं राउटरला ४० सेकंदांच्या डेड इंटरव्हलनंतरच कळतं. मग पिंग परभणीमार्गे पुन्हा सुरू होतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की टायमर पाठ करावे लागत नाहीत. पुढे एकाच बाजूचा हॅलो ५ करून बघा, शेजार जुळतच नाही.

लोडशेडिंगचं भान ठेवा. मायक्रोटिकवर बदल आपोआप साठतात. सिस्कोवर राइट मेमरी दिली नसेल आणि डेस्कटॉपची लाइट गेली, तर सगळं कॉन्फिगरेशन पुन्हा लिहावं लागतं.