पुराचा अभ्यास करायचाय? मग राजाराम बंधाऱ्यापासून सुरुवात करा

जून उजाडला की पोरापोरींचे मेसेज येऊ लागतात. "मॅडम, डिझास्टर मॅनेजमेंटचा कोर्स कुठला चांगला?" यातले बरेचजण कोल्हापूरच्या २०१९ च्या किंवा २०२१ च्या पुरात स्वतः पाण्यात उतरलेले असतात. कुणी तालमीच्या पोरांबरोबर बोटीवर होता, कुणी मंगल कार्यालयातल्या छावणीत भाकऱ्या वाटत होती. तळमळ खरी असते, त्यात शंका नाही. पण बचावकार्य पाणी आल्यावर सुरू होतं आणि आमचं, म्हणजे पुराचा अभ्यास करणाऱ्यांचं, काम बहुतेक वेळा पाणी नसताना चालतं. मार्चच्या उन्हात गल्लीबोळातल्या भिंती मोजायच्या, नाहीतर पंख्याखाली बसून पावसाच्या जुन्या तक्त्यातल्या रिकाम्या रकान्यांशी झटायचं. हे चित्र आधी डोळ्यांसमोर आणा, मग कोर्सचं बघू.

कोर्सबद्दल माझं मत जरा कडक आहे. नुसत्या आपत्ती व्यवस्थापनाच्या पदविकेवर संशोधक होता येत नाही. तिच्यामुळे तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियंत्रण कक्षाचं काम समजेल, २००५ चा कायदा समजेल, एखाद्या संस्थेत नोकरीही लागेल. पण संशोधनाला एक पक्का मूळ विषय लागतो. भूशास्त्र, भूगोल, सिव्हिल, हवामानशास्त्र, संख्याशास्त्र, यातला कोणताही चालेल. समाजशास्त्रसुद्धा चालेल, कारण माणसं घर सोडून वेळेत का निघत नाहीत हा प्रश्न पाण्याच्या वेगापेक्षा सोपा नाही. आधी एक विषय धरा आणि आपत्ती त्याच्यावर चढवा. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत किंवा आयआयटी रुरकीत या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन चालतं. तिथे गेलात तरी "तुझा मूळ विषय काय?" हा प्रश्न चुकणार नाही.

आता बंधाऱ्याकडे येते. पावसाळ्यात कोल्हापुरात "जेवलास का?" च्या आधी "पाणी किती फुटावर?" विचारतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ च्या वर. पण हे फूट बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे आहेत. तुमच्या दारातल्या पाण्याची खोली त्यातून थेट कळत नाही. नवीन विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात इथे अडखळतो: मोजपट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हे धरून सगळे आकडे एका पातळीवर आणावे लागतात, तेव्हा कुठे बंधाऱ्यावरचे ५५ फूट म्हणजे शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत छातीभर की गुडघाभर हे सांगता येतं.

हे पाणी येतं कुठून, तेही नकाशा समोर ठेवून एकदा बघून घ्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या मिळून पंचगंगा होते. पलीकडे गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस आणि अलीकडे शिरोळला पाचशेच्या आसपास, एवढा फरक एकाच जिल्ह्यात. म्हणून शहरात ऊन पडलेलं असताना पातळी चढत असते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात. आणि खाली नृसिंहवाडीला कृष्णा आधीच फुगलेली असेल तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला जागाच उरत नाही, ते मागे तुंबतं. त्या पट्ट्यात नदीला उतार फार थोडा आणि वळणं फार.

यावरून चहाच्या टपरीवर कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद निघतोच. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने खापर अलमट्टीवर फोडलं नाही, तरी धरणाची पातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करण्याच्या प्रस्तावाला इथून विरोध आहे आणि वाद काही मिटलेला नाही. विद्यार्थ्याने यात बाजू घेण्याआधी स्वतः संगणकावर नदीचं प्रतिमान (मॉडेल) चालवून बघावं. हेक-रास हे नदीच्या प्रवाहाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पातळी एक मीटरने वाढवली तर फुगवटा, म्हणजे तुंबलेलं पाणी, किती किलोमीटर मागे येतो, पात्राचा खडबडीतपणा बदलला तर काय होतं, अतिक्रमणं काढली तर किती फरक पडतो. असे आठ-दहा प्रयोग केले की टपरीवरची बरीच ठाम विधानं डळमळू लागतात. दोन्ही बाजूंची.

संख्याशास्त्राला घाबरू नका, पण टाळूही नका. "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" हे ऐकून लोक विचारतात, मग दोन वर्षांत दोनदा एवढं पाणी कसं आलं? शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षं एकाच घरात राहिलात तर तो किमान एकदा बघायची शक्यता सुमारे २६ टक्के. गृहकर्जाच्या मुदतीत चारात एक! पाटबंधारे खातं नकाशावर ज्या पूररेषा आखतं त्यातली निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. या रेषा जुन्या नोंदींवरून काढतात, आणि २०१९, २०२१ हे दोन आकडे त्या मालिकेत घातले की गणित हलतं. कितीने हलतं, हा एमएस्सीच्या प्रबंधाला पुरेल एवढा विषय आहे.

उपग्रहाच्या नकाशांची सगळ्यांना भुरळ पडते, त्यामुळे त्याबद्दल जरा सविस्तर. सेंटिनेल-१ या युरोपियन उपग्रहाचं रडार ढगातून आरपार बघतं आणि त्याची माहिती फुकट मिळते. सपाट पाण्यावरून रडारची लहर पुढे निसटते, परत येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये काळा भाग वेगळा काढला की झाला पुराचा नकाशा, असं यूट्यूबवरचे व्हिडिओ सांगतात. करवीर-शिरोळमध्ये हे चालत नाही, कारण इथे ऊस आहे. ऑगस्टमधला ऊस पुरुषभर वाढलेला असतो. त्याच्या बुडाशी चार फूट पाणी असलं तरी रडारला वरचा पाला आणि उभे कांडेच दिसतात आणि शेत कोरडं असल्यासारखं उजळ राहतं. कधी कधी तर पाणी आणि कांडं दोन्हींवर आपटून लहर जास्तच जोरात परत येते आणि बुडालेलं शेत नेहमीपेक्षाही उजळ दिसतं. त्यात हा उपग्रह त्याच कक्षेतून बारा दिवसांनी परत येतो, म्हणजे पाणी सर्वात वर होतं तो दिवस हुकण्याचीच शक्यता जास्त. उंचीच्या नकाशांचंही तसंच. फुकट मिळणाऱ्या एसआरटीएममध्ये काही मीटरची चूक असू शकते आणि शिरोळच्या सपाटीवर तर अर्ध्या मीटरवर गाव बुडायचं की वाचायचं ते ठरतं.

म्हणून शेवटी गावात जावंच लागतं. सर्वेक्षणाची पद्धत पुस्तकात आहे: लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावा, स्टाफ (आकडे असलेली उभी पट्टी) धरा, ज्ञात उंचीच्या खुणेपासून भिंतीवरच्या गाळाच्या रेषेपर्यंत उंची आणा. माणसांशी बोलायचं कसं ते मात्र पुस्तकात नाही. "पाणी किती फूट आलं होतं?" असं विचारलंत की समोरचा आदर म्हणून काहीतरी आकडा देतो, बहुतेक वेळा पेपरातला. त्याऐवजी असं विचारून बघा:

"काकी, पाणी शिरलं तवा तुम्ही काय करत होता?"

"काय करणार बाई, पिठाचा डबा वर चढवत हुतो. ह्या फळीवर ठेवला, तर सकाळी फळीच पाण्यात. मग माळ्यावर."

फळीची उंची टेपने मोजा, वेळ विचारा. झाली एक विश्वासार्ह नोंद, तासासकट. बायकांना फळी, कोनाडा, चूल नेमकी आठवते. गोठा सांभाळणाऱ्याला पाणी कोणत्या बाजूने आलं ते आठवतं, कारण म्हशी सोडायच्या होत्या. आणि २०१९ व २०२१ लोक हमखास एकमेकांत मिसळतात, तेव्हा "तवा लॉकडाऊन हुता का?" हे विचारून घ्यायचं. घरात माणूस गेलेलं असेल, जनावरं वाहून गेली असतील, तर वही मिटून चहा घ्या.

याच फेरीत एक गोष्ट कळते जी नकाशात दिसत नाही. पाणी सारखंच असतं, नुकसान सारखं नसतं. नागाळा पार्कातल्या बंगल्याचा तळमजला बुडाला तर गाडी आणि फर्निचर जातं, बहुतेक वेळा विमा असतो. कुंभार गल्लीत गणपतीच्या तोंडावर पाणी आलं तर रंग चढवायला ठेवलेल्या मूर्ती जातात, म्हणजे वर्षाची कमाई जाते. पुरात बुडणाऱ्या चिखली-आंबेवाडीकरांना पुनर्वसनासाठी सोनतळीला जागा मिळून कैक वर्षं झाली, तरी शेती आणि गोठा नदीकाठीच असल्याने घर पुरतं सुटत नाही. याला अडाणीपणा म्हणणारा संशोधक या क्षेत्रात न आलेला बरा.

पुरात रस नसेल तर पश्चिम घाटातल्या दरडी आहेतच. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिन्ही दुर्घटना जुलैतल्या. दरडींच्या संवेदनशीलतेचे नकाशे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर बघता येतात, आणि करूळ किंवा भुईबावडा घाट तर गाडीने जाऊन बघण्याइतके जवळ आहेत. भूकंपात रस असेल तर ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का वाचा. धरणाच्या पाण्यामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांच्या जागतिक अभ्यासात कोयना हे नाव टाळून पुढे जाताच येत नाही. त्यासाठी गोठण्याला सुमारे ३ किलोमीटर खोल भोक पाडलंय आणि प्रयोगशाळा कराडला आहे, म्हणजे एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्यावर.

पैशाचं स्पष्ट बोलते. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं. ती नसेल तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, मात्र पैसे वेळेवर येतीलच असं धरून घरचं गणित मांडू नका. भूशास्त्रवाल्यांना यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा हा सरकारी रस्ता आहे. विमा कंपन्यांसाठी नुकसानीची गणितं करणाऱ्या खासगी कंपन्याही घेतात, तिथे पायथन ही संगणकाची भाषा येणं जवळपास सक्तीचं. डेहराडूनच्या आयआयआरएस या संस्थेचे रिमोट सेन्सिंगचे (उपग्रहाच्या माहितीवरून अभ्यासाचे) ऑनलाइन कोर्स फुकट असतात, पहिल्या सुट्टीत तेवढा एक उरका.

माहिती मिळवताना सरकारी कार्यालयात हेलपाटे होतील. धरणाच्या विसर्गाच्या तासातासाच्या नोंदी एका ठिकाणी मागितल्या तर मला "साहेब मीटिंगला आहेत" हे उत्तर दोन पावसाळे मिळालं. अर्ज विभागप्रमुखांच्या सहीने द्या, पोच घ्या, आणि पावसाळ्यात मुळीच जाऊ नका, तेव्हा त्यांना खरंच वेळ नसतो. दिवाळीनंतर गेलात तर बोलायला माणूस सापडतो. आणि जून ते सप्टेंबर रोज सकाळी साडेआठचा तालुकावार पाऊस आणि बंधाऱ्याची पातळी स्वतःच्या वहीत उतरवत चला. पुढच्या दिवाळीत साहेबांनी नोंदी दिल्याच, तर त्या कशाशी ताडून बघायच्या ते तुमच्याकडे आधीच तयार असेल.