परदेशी पर्यावरण संस्थेला देणगी देताना या चुका टाळा

गोव्यातल्या कुठल्याही देवस्थानाच्या वार्षिक सभेला गेलात तर महाजन (देवस्थानाचे हक्कदार सभासद) तेलवातीच्या खर्चापासून मंडपाच्या बिलापर्यंत सगळे विचारताना दिसतील, आणि त्या हिशेबांवर मामलेदारांची देखरेख असते हेही सर्वांना ठाऊक असते. तीच माणसे वाळूवरून समुद्राकडे निघालेल्या कासवाच्या पिलाचे छायाचित्र पाहून हजारो मैलांवरच्या संस्थेला दरमहा पैसे पाठवू लागतात, तेव्हा मात्र एकही प्रश्न विचारत नाहीत. हे मी तक्रारीच्या सुरात लिहीत नाही, कारण दोन वर्षे मीही हेच केले होते. देवस्थानाला जे विचारतो तेच तिथेही विचारता येते आणि त्याची उत्तरे बहुतेक वेळा घरबसल्या, फुकट मिळतात, हे मला फार उशिरा कळले.

पहिली चूक म्हणजे संस्थेचे देखणे संकेतस्थळ हीच तिची पारदर्शकता मानणे. संस्था स्वतःविषयी जे सांगते ते एक, आणि कायद्याने तिला जे दाखल करावे लागते ते दुसरे. देणगीदाराने आधी दुसरे पाहावे. इंग्लंड आणि वेल्समधील संस्थांची नोंदवही तिथल्या चॅरिटी कमिशनकडे आहे. तिच्यात विश्वस्तांची नावे, गेल्या काही वर्षांचे उत्पन्न आणि खर्च दिसतो, आणि हिशेब उशिरा दाखल झाले असतील तर तेही दिसते. अमेरिकेतील करमुक्त संस्था ‘फॉर्म ९९०’ नावाचे वार्षिक विवरण भरतात. त्यात वरिष्ठांचे पगार आणि कामनिहाय खर्च असतो, आणि संस्थेच्याच माणसांशी झालेले व्यवहारही त्यात नोंदवावे लागतात.

नोंदवहीत नाव सापडले नाही म्हणून लगेच फसवणुकीचा निष्कर्ष काढू नये. प्रचारातले नाव आणि नोंदणीचे नाव वेगळे असू शकते, म्हणून नावाऐवजी नोंदणी क्रमांकाने शोधावे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांचे नियामक स्वतंत्र आहेत. इंग्लंडमध्ये वार्षिक उत्पन्न ५,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर सहसा नोंदणीची सक्ती नसते. अमेरिकेत एखादा छोटा उपक्रम मोठ्या संस्थेच्या छत्राखाली चालतो. तेव्हा त्या मोठ्या संस्थेचे विवरण वाचावे लागते. मात्र केवळ कंपनी नोंदणीचा क्रमांक पुढे केला जात असेल तर सावध व्हावे, कारण कंपनी असणे म्हणजे धर्मादाय संस्था असणे नव्हे.

दुसरी चूक जरा सुशिक्षितांची आहे: शंभर रुपयांतले किती रुपये ‘प्रत्यक्ष कामावर’ जातात, एवढाच आकडा पाहणे. २०१३ साली अमेरिकेतल्या, धर्मादाय संस्थांची माहिती आणि मूल्यमापन देणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिन्ही संस्थांनी देणगीदारांना खुले पत्र लिहून या एकाच आकड्यावर विसंबू नका असे सांगितले. निधी मागणाऱ्या पत्रकाचा काही खर्च ‘लोकशिक्षण’ म्हणून दाखवता येतो, त्यामुळे आकडा सुंदर दिसतो. उलट चांगल्या हिशेबनिसाचा पगार त्याच आकड्याला बिघडवतो. त्याचप्रमाणे संस्थेने स्वतः पुरवलेल्या माहितीवर मिळालेले रुपेरी-सोनेरी शिक्के माहिती दिल्याची पावती असतात, कामाची नव्हे.

सर्वांत जास्त दिशाभूल होते ती ‘कासव दत्तक घ्या’, ‘एक झाड तुमच्या नावाने’ अशा योजनांत, आणि माझीही तिथेच झाली. प्रमाणपत्रावर एका कासवाचे नाव असले तरी अशी दत्तक योजना बहुधा प्रतीकात्मक असते आणि पैसे सर्वसाधारण निधीत जमा होतात. यात बेकायदा काही नाही, पण ते आवाहनाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते. विशिष्ट हेतूसाठी मिळालेला पैसा ब्रिटिश संस्थांना हिशेबात वेगळा दाखवावा लागतो. लेखापरीक्षित हिशेबाच्या टिपांत अशा निधीची आरंभीची शिल्लक, जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक दिलेली असते. ज्या किनाऱ्यासाठी आपण पैसे दिले त्याचा अशा निधींत कुठेच उल्लेख नसेल, तर लेखी विचारावे. संस्था गोव्यातल्या घरट्यांचा दावा करत असेल तर पडताळणी आणखी सोपी आहे, कारण मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांची राखण वनखाते करते आणि तिथे जाऊन विचारता येते.

परदेशी संस्था ‘स्थानिक भागीदारा’मार्फत भारतात काम करते असे सांगत असेल, तर त्या भागीदाराकडे विदेशी अंशदान (परदेशी स्रोताकडून आलेली देणगी) कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच येतो, आणि मिळालेला पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणून ‘दिल्लीतली एक संस्था गोव्यातल्या छोट्या गटांना वाटप करते’ असे उत्तर आले तर तिथेच थांबून खुलासा मागावा.

कराविषयी थोडक्यात: परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर, ८०जी म्हणून ओळखली जाणारी आयकरातली सवलत मिळत नाही. आपल्याकडे एक बाब मात्र वारंवार विसरली जाते. इंग्लंडमध्ये स्विंडनला राहणाऱ्या ज्या नातेवाइकाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे, त्याने गोव्यातल्या संस्थेला दिलेली देणगी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी विदेशी अंशदानच ठरते.

मी देणगी दिलेल्या संस्थेला लिहिले तेव्हा माझा पैसा जिथे दाखवला आहे तो हिशेबातला पान क्रमांक आणि टीप क्रमांक मागितला होता. उत्तरात आभार होते आणि नव्या मोहिमेचे आवाहन होते, क्रमांक नव्हता. दुसऱ्या पत्राचेही तसेच झाल्यावर मी देणगी थांबवली; तीही संस्थेला कळवून नव्हे, तर बँकेकडे कार्डावरची स्थायी सूचना रद्द करून, कारण नुसत्या ई-मेलने पुढच्या महिन्याची वजावट थांबेलच याची खात्री नसते.