मुंबईच्या पावसात दुधाची शेळी पाळायची असेल तर

मढ, गोराई, आरेचे पाडे, वसई-विरार, जिथे थोडी मोकळी जागा आहे तिथे हल्ली घरच्या दुधापुरत्या शेळ्या ठेवायची हौस बऱ्याच जणांना येते. चांगलंय, फक्त परवानगीचं वॉर्ड ऑफिसात आधी विचारून घ्या आणि पाऊस धरायच्या आत तयारी करा, कारण शेळी ऊन सोसते, थंडी सोसते, ओल नाही सोसत.

एकटी शेळी आणू नका, ओरडून ओरडून शेजाऱ्यांचं डोकं उठवेल, दोन तरी हव्यात. देवनारला ईदच्या वेळी बाजार भरतो तिकडे दुधाची शेळी शोधत फिरू नका, तिथे मुख्य माल बोकडांचा, आणि चार राज्यांतली जनावरं एकत्र आली की पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग, पसरायला वेळ लागत नाही. मला विचाराल तर इथे सुरती जात बरी, पांढरी, आटोपशीर अंगाची, बांधून खायला घातलं तरी दूध देते. दुसऱ्या वेताची, म्हणजे दोनदा व्यालेली बघा, मालकाला समोर धार काढायला लावा, मग कास हाताने चाचपा, रिकामी झाल्यावर ती मऊ लोंबली पाहिजे, आत कडक गाठ लागली तर सरळ परत फिरा. घरी आणल्यावर तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब.

गोठ्यात जमिनीवर नाही, लाकडी पट्ट्यांच्या मचाणावर ठेवा, फटीतून लेंड्या-मूत खाली पडेल एवढीच फट, खूर अडकता कामा नये. एका शेळीला 10 ते 12 चौरस फूट धरा. ताडपत्री पश्चिम-नैऋत्येकडून लावा, झड तिकडूनच येते, पण चारी बाजू बंद केल्यात तर अमोनिया कोंडतो आणि खोकला सुरू होतो.

खाण्याचं नीट वाचा, इथेच नवीन माणूस फसतो. हॉटेलचे शिळे पाव, भात फुकट मिळतात म्हणून पाटीभर घातले की पोटात आम्ल वाढून शेळी आडवी पडते. देवळातलं निर्माल्यही नको, त्यात कण्हेर असू शकते, आणि हायवेच्या दुभाजकावर लावलेली ती गुलाबी फुलंही बऱ्याचदा कण्हेरच, थोडी पानं खाल्ली तरी जनावर हातचं जातं. पहिल्या पावसाचं कोवळं ओलं गवत थेट घातलं की पोट फुगतं, आधी सुका चारा द्या, गवत सुकवून द्या. तुरीचं-हरभऱ्याचं भुसकट आत्ताच भरून ठेवा, पोती भिंतीला टेकवू नका, बुरशी धरते. सुबाभळीचा पाला छानच, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नाही. दुभतीला लिटरमागे साडेतीनशे-चारशे ग्रॅम खुराक जास्तीचा.

धार काढताना सड ओढायचा नाही हं, अंगठा आणि तर्जनीने वरून बंद करायचा आणि मग एकेक बोट खाली दाबत यायचं. आधी कास धुऊन पूर्ण कोरडी करा, पहिल्या दोन पिचकाऱ्या काळ्या कपड्यावर घ्या, गाठी किंवा रक्त दिसलं तर दगडी, म्हणजे कासेची सूज, समजा, ते दूध टाका आणि डॉक्टरला बोलवा. झाल्यावर सड आयोडीनमध्ये बुडवा आणि पुढ्यात चारा टाका म्हणजे अर्धा तास ती उभी राहील, सडाचं तोंड उघडं असताना चिखलात बसली की घात. दूध गाळून लगेच थंड करा, प्यायचं ते उकळूनच, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी हे देऊ नका. दुधाला वास येतो म्हणणाऱ्यांनी आधी बोकड कुठे बांधलाय ते बघावं.

गाभण शेळी साधारण 150 दिवसांनी विते, त्याआधी दोन महिने दूध आटवा. करडाला पहिल्या तासाभरात चीक पाजायचाच.

आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणाऱ्या आजाराची लस पावसाआधी, पहिल्यांदा देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस, आणि जंतनाशक लेंडी तपासून, अंदाजाने नको. खूर सडून लंगडायला लागली किंवा पोट फुगून श्वास लागला तर घरगुती काढे करत बसू नका, परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठा, टेम्पोवाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा, भर पावसात शेळी बघून कोणी थांबत नाही.