कोपऱ्यावरचा उकिरडा कसा हटवावा

पुण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या डीपीखाली, रोज कचऱ्याच्या पिशव्या साठायच्या. आता तिथे काही नसतं. आम्ही काय केलं ते सांगते.

आधी बोर्ड लावू नका. चार दिवस सकाळी सहा ते आठ तिथे उभं राहा. आम्हाला कळलं, टाकणारे बहुतेक लवकर कामावर निघणारे. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई घरोघरी कचरा घ्यायला नऊला येतात, तेव्हा या लोकांच्या दाराला कुलूप. दोन इमारतींत जिन्याखाली झाकणाच्या बादल्या ठेवल्या, निम्मा ढीग तेवढ्यानेच कमी झाला.

मग जागा एका दमात साफ करून धुवा. एक पिशवी उरली तरी संध्याकाळपर्यंत तिच्याशेजारी दुसरी येते. भिंतीला देवांच्या फरशा मात्र लावू नका. देवाला पहाऱ्यावर बसवणं मला पटत नाही.

ओला-सुका वेगळा करणं २०१६च्या घनकचरा नियमांपासून बंधनकारक आहे, पण मला ते खरं पटलं आमच्या ताईंचा हात बघून. अंगठ्याच्या मुळाशी काचेने कापलेलं, वर चिंधी बांधलेली. सुका कचरा त्या हातानेच निवडतात. म्हणून फुटकी काच जाड कागदात बांधा, वर 'काच' लिहा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून लाल ठिपका काढा. ताईंचे महिन्याचे पैसे वेळेवर द्या.

टाकताना कुणी दिसलंच तर ओरडू नका. "काका, बादली जिन्याखाली आहे, द्या मी ठेवते," म्हणा आणि पिशवी खरंच हातात घ्या.