जर्मन किनारी तोफखान्याचे अवशेष बघायला जाताय? मग तोफेपासून सुरुवात करू नका

फ्रान्सच्या नॉर्मंडीत लाँग-स्युर-मेर नावाचं छोटं गाव आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन कोस्टल बॅटरी, म्हणजे समुद्रातल्या जहाजांवर मारा करणारा तोफांचा तळ, अजून उभी आहे. बहुतेक लोक काय करतात, गाडी लावतात, समोर काँक्रीटची अवाढव्य खोली आणि तिच्यातून बाहेर आलेली तोफेची नळी दिसते, नळीपाशी फोटो, मग दुसरी खोली, परत फोटो, अशा चार खोल्या झाल्या की वीस मिनिटांत गाडीत. मीही पहिल्यांदा तेच केलं, आणि बाहेर पडल्यावर डोक्यात एवढंच होतं की काँक्रीट फार जाड होतं बुवा. दुसऱ्या खेपेला उलट्या बाजूने गेलो, आधी कड्याचं टोक आणि तोफा सगळ्यात शेवटी, आणि मग कुठे कळलं की ही जागा जिंकायची होती तरी का हरली. म्हणून हे लिहितोय, लाँगचं उदाहरण धरून, पण हीच पद्धत दुसऱ्या कुठल्याही बॅटरीला चालते.

आधी एक गोष्ट पक्की करा. बॅटरी म्हणजे नुसत्या तोफा नव्हेत. तिला डोळे लागतात, म्हणजे समुद्राकडे बघणारी कंट्रोल पोस्ट, जिला जर्मन लोक लाइटश्टांड म्हणायचे. मग डोळ्यांनी बघितलेलं तोफांपर्यंत पोचवायला टेलिफोनची केबल लागते. मग तोफा, दारूगोळ्याची कोठारं, माणसांना राहायला बंकर, विमानविरोधी तोफा, भोवती काटेरी तारा आणि सुरुंग. आज यातलं अर्ध्याहून जास्त गायब असतं किंवा मातीखाली असतं, त्यामुळे जे दिसत नाही ते शोधायची सवय लावून घ्यावी लागते, खरी मजा तिथेच आहे.

निघायच्या आधी घरबसल्या

फ्रान्सची सरकारी नकाशा संस्था आहे आयजीएन, तिची रमाँते-ल-ताँ नावाची वेबसाइट आहे, तिच्यावर आजचे आणि 1950 च्या दशकातले विमानातून काढलेले फोटो शेजारी शेजारी लावून बघता येतात. फुकट आहे. जुन्या फोटोत बाँबचे खड्डे देवीच्या व्रणांसारखे दिसतात, आज तिथे शेत नांगरून सपाट झालेलं असतं. अर्धा तास घालवा, चारही तोफांच्या जागा, कंट्रोल पोस्ट आणि जुने रस्ते ओळखून फोनवर खुणा करून ठेवा. हे न करता गेलात तर जेवढं पाटीवर लिहिलंय तेवढंच बघून याल.

दुसरं म्हणजे बंकरांची भाषा थोडी शिकून घ्या. जर्मनांनी ही बांधकामं ठरलेल्या साच्यांवरून केली, त्या साच्यांना रेगेलबाऊ म्हणतात, आणि प्रत्येक साच्याला नंबर आहे. नंबराआधीचं अक्षर सांगतं की डिझाइन कुणाचं: एच म्हणजे भूदल, एल म्हणजे हवाई दल, एम म्हणजे नौदल. लाँगच्या तोफांच्या खोल्या एम 272 आहेत आणि कंट्रोल पोस्ट एम 262, म्हणजे दोन्ही नौदलाची. नौदलाला चालत्या जहाजावर नेम धरायचा असतो त्यामुळे त्यांची कंट्रोल पोस्ट ऐन कड्यावर आणि भारी यंत्रांची असते, नौदल आणि भूदल यांचं किनाऱ्यावर तोफा कशा लावायच्या यावरून कायम वाजायचं. पुढे ही बॅटरी भूदलाच्या ताब्यात गेली ती गोष्ट वेगळी.

जाणं-येणं

पॅरिसच्या सॅं-लाझार स्टेशनवरून बायो (Bayeux) या जवळच्या शहराला थेट ट्रेन आहेत, बायोपासून लाँग सातेक किलोमीटर. सायकल भाड्याने घेतली तर सगळ्यात उत्तम, रस्ता सोपा आहे. जागा बघायला तिकीट नाही, उघड्यावर आहे, गाइडबरोबर फिरायचं असेल तर त्याचे पैसे वेगळे. टॉर्च घ्या, फोनचा नाही, खरा टॉर्च. आणि चांगले बूट, कारण गवत ओलं असतं आणि वारा असा असतो की टोपी गेली म्हणून समजा.

पहिला मुक्काम: कड्याचं टोक

तोफांकडे ढुंकूनही न बघता सरळ समुद्राकडे चालत जा. जमतं हो, थोडा मनावर ताबा ठेवायचा. कडा साधारण 60 मीटर उंच आहे आणि कंट्रोल पोस्ट त्याच्या काठाशी जमिनीत रुतवलेली आहे. दोन मजली आहे, पुढून बघितलं तर लांबलचक आडवी फट दिसते, आपल्या गडाच्या तटाला जंग्या असतात तसलीच कल्पना, फक्त इथे बंदूक नाही तर दुर्बीण बाहेर काढायची. वरच्या मजल्यावर अंतर मोजायचं यंत्र होतं, आणि त्याच्यावरचं जाडजूड छप्पर बारीक लोखंडी खांबांवर तोललेलं आहे, का तर बघणाऱ्याच्या नजरेआड भिंत येऊ नये. हे छप्पर नीट बघा, एवढं वजन आणि एवढे बारीक खांब, मला तर सगळ्या बॅटरीत हीच गोष्ट जास्त आवडते.

आता फटीपाशी उभे राहा आणि समुद्राकडे तोंड करा. डाव्या हाताला ओमाहा बीच, जिथे 6 जून 1944 ला जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स सोडवायला अमेरिकन सैन्य उतरलं, उजव्या हाताला गोल्ड बीच, जिथे ब्रिटिश उतरले. हवा स्वच्छ असेल तर उजवीकडे आरोमाँशच्या कृत्रिम बंदराचे काँक्रीटचे ठोकळे पाण्यात अजून दिसतात. म्हणजे ही बॅटरी दोन बीचच्या बरोबर मध्ये बसलीय आणि तोफांचा पल्ला साधारण 20 किलोमीटर. नकाशावर बोट ठेवून हे कळत नाही, इथे उभं राहिल्यावर पोटात गोळा येतो.

इथलं काम असं चालायचं: जहाज दिसलं की त्याची दिशा आणि अंतर मोजायचं, पण जहाज थांबून थोडंच राहतं, गोळा पोचेपर्यंत ते पुढे गेलेलं असतं, म्हणून ते कुठे असेल याचा हिशोब खालच्या खोलीत करायचा आणि आकडे फोनवरून तोफांकडे पाठवायचे. गोळा पाण्यात कुठे पडला ते बघून परत आकडे सुधारायचे. तोफेवरच्या गोलंदाजाने फक्त सांगितलेल्या आकड्यावर नळी फिरवायची.

कड्याच्या काठाला मात्र जाऊ नका. हा कडा ढासळतो, कुंपण घातलंय ते शोभेला नाही.

दुसरा मुक्काम: मधली रिकामी जागा

इथे काहीच नाही, म्हणून सगळे झपाझप चालत जातात. तुम्ही पावलं मोजत चला. कंट्रोल पोस्टपासून तोफांपर्यंत 300 मीटरच्या आसपास अंतर आहे, म्हणजे चारशे-साडेचारशे पावलं. तुमच्या पायाखालून ती टेलिफोनची केबल गेली होती. सैन्य उतरण्याआधीच्या बाँबफेकीत इथल्या काँक्रीटच्या खोल्यांना फारसं काही झालं नाही, पण केबल तुटली. झालं, डोळे एकीकडे आणि हात एकीकडे. तोफांना स्वतःच्या दुर्बिणीने नेम धरावा लागला, आणि तुम्ही तोफेपाशी पोचल्यावर स्वतःच बघा, तिथून कड्याखालचं जवळचं पाणी दिसतच नाही, फक्त लांबचा समुद्र दिसतो.

तरीही 6 जून 1944 च्या सकाळी या बॅटरीने मारा केला. गोल्ड बीचसमोर बुलोलो नावाचं ब्रिटिश मुख्यालयाचं जहाज नांगर टाकून होतं, त्याच्या आसपास गोळे पडायला लागल्यावर त्याला जागा सोडून सरकावं लागलं. मग एजॅक्स आणि आर्गोनॉट या ब्रिटिश क्रूझर युद्धनौकांनी उत्तर दिलं, फ्रेंच क्रूझर जॉर्ज लेग आणि माँकाल्मही यात होत्या. एजॅक्स म्हणजे तीच, जी डिसेंबर 1939 मध्ये दक्षिण अमेरिकेजवळ ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेशी लढली होती. चारपैकी तीन तोफा गप्प झाल्या, एक तोफ मधून मधून संध्याकाळपर्यंत उडत राहिली, आणि 7 जूनला 184 जणांच्या या तुकडीने ब्रिटिश पायदळापुढे हत्यारं ठेवली. त्यातले निम्मे चाळिशीच्या पुढचे होते म्हणे, म्हणजे सिनेमात दाखवतात तसले तगडे तरणेबांड कमीच.

तिसरा मुक्काम: तोफा

आता या, आता बघा. तोफा 150 मिलिमीटरच्या आहेत, म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास तेवढा, मुळात जहाजावर बसवण्यासाठीच्या, पिल्झनच्या स्कोडा कारखान्यात बनलेल्या. एकेक गोळा साधारण 45 किलोचा. नॉर्मंडीत मूळ जागी मूळ तोफा उरलेली अशी ही एकच बॅटरी, बाकी ठिकाणी युद्धानंतर भंगारवाल्यांनी सगळं कापून नेलं.

पण नळी बघून झाली की मागे फिरा. शिरायची वाट मागून आहे, तिथे दोन्ही बाजूंना कोठारं आहेत, गोळे आणि त्यांना उडवायची दारू वेगवेगळी ठेवलेली. भिंतीवर टॉर्च तिरका मारा, सरळ नाही, म्हणजे ओतकामाच्या फळ्यांच्या रेघा उठून दिसतात, कुठे फळी सरकलेली, कुठे काँक्रीट घाईत ओतलेलं. लाँगचं काम सप्टेंबर 1943 मध्ये सुरू झालं, म्हणजे उतरणं होईपर्यंत नऊ महिने, घाई दिसणारच. छपराच्या कडेला लोखंडी हूक असतात ते कॅमोफ्लाजच्या जाळ्या अडकवायला. बऱ्याच बंकरांत नळी बाहेर काढायच्या भोकाला आतल्या दिशेने पायऱ्या पायऱ्या केलेल्या असतात, कारण तिरपी भिंत असेल तर शत्रूचा गोळा घसरत आत येतो, पायरी असेल तर तिथेच अडतो. छताला आतून लोखंडी पत्रे किंवा बीम दिसले तर समजा की बाहेर दणका बसल्यावर आतल्या बाजूचं काँक्रीट उडून माणसांच्या डोक्यात पडू नये म्हणून ती सोय.

एक खोली पार फुटलेली आहे, ती आतल्या दारूगोळ्याच्या स्फोटाने. तिथे जास्त वेळ द्या, कारण कापलेल्या केकसारखं सगळं उघडं पडलंय, भिंत किती जाड, सळ्या कशा विणल्या, हे दुसरीकडे कुठे असं दिसत नाही. चढू मात्र नका, सळ्या गंजून टोकदार झाल्यात.

मग एक प्रश्न: खोलीतच का?

आधीच्या बॅटऱ्यांत तोफा उघड्या गोल खड्ड्यांत असायच्या, चारी दिशांना फिरायच्या. दोस्त राष्ट्रांची बाँबफेक वाढली तशी डोक्यावर छप्पर आलं, पण छप्पर आलं की तोफ फक्त समोरच्या भोकाएवढीच फिरणार. लाँगहून पश्चिमेला प्वांत-द्यु-ओक आहे तिथे दोन्ही बघायला मिळतं, गोल खड्डे आणि अर्धवट राहिलेल्या खोल्या, शिवाय बाँबचे खड्डे जसेच्या तसे ठेवलेत. अमेरिकन रेंजर्स तिथला 30 मीटरचा कडा दोरांनी चढून वर गेले आणि खड्ड्यांत तोफांच्या जागी लाकडी ओंडके, खऱ्या तोफा आतल्या भागात हलवलेल्या. त्या एका झाडीच्या गल्लीत सापडल्या आणि धातू वितळवणाऱ्या थर्माइटच्या ग्रेनेडने निकामी केल्या. लाँग आणि प्वांत-द्यु-ओक एकाच दिवशी करा, एकीकडे तोफा आहेत आणि खड्डे नाहीत, दुसरीकडे खड्डे आहेत आणि तोफा नाहीत, दोन्ही मिळून एक पूर्ण चित्र होतं.

अजून भूक असेल तर उत्तर फ्रान्समध्ये कॅलेजवळ बॅटरी टोट, 380 मिलिमीटरच्या चार तोफांची, एका खोलीत म्युझियम आहे. आणि सगळ्यात मोठी बघायची तर उत्तर नॉर्वेत हार्स्टाडजवळ त्रोंदेनेसला 406 मिलिमीटरची तोफ, लष्करी हद्दीत आहे त्यामुळे गाइडबरोबरच सोडतात. तिथलं काम सोव्हिएत युद्धकैद्यांकडून करून घेतलं, कित्येक जण तिथेच मेले, तेव्हा नळीवर बसून फोटो काढायच्या आधी जरा विचार करा.

हे अजिबात करू नका

मेटल डिटेक्टर नेऊ नका. फ्रान्समध्ये जुन्या वस्तू शोधायला सरकारी परवानगी लागते, नाहीतर गुन्हा आहे. गंजलेला लोखंडी डबा, नळी, गोळा काहीही दिसलं तर हात लावायचा नाही, पायाने ढकलायचं पण नाही, लांब व्हायचं आणि 112 ला फोन. ऐंशी वर्षांनी दारू शांत होते असा काहींचा समज आहे, उलट ती जास्त बेभरवशाची होते. पाणी भरलेल्या किंवा कुलूप लावलेल्या बंकरात शिरू नका, खाली खड्डा असतो, हवा खराब असते, आणि हिवाळ्यात कित्येक ठिकाणी वटवाघळं झोपलेली असतात म्हणून मुद्दाम बंद ठेवतात. वाळूत घसरून समुद्रात गेलेले बंकर बघायला जाणार असाल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच जा, इंग्लिश खाडीत पाणी फार झपाट्याने चढतं.

वेळेचं म्हणाल तर दुपार टाळा. बसेसनी येणारी गर्दी तेव्हाच असते आणि ऊन डोक्यावर असल्याने काँक्रीट नुसतं राखाडी दिसतं. उन्हाळ्यात तिथे रात्री उशिरापर्यंत उजेड असतो, संध्याकाळी आठनंतर जा, सूर्य ओमाहाच्या बाजूने तिरपा येतो, फळ्यांच्या रेघा, गोळ्यांचे टवके, सगळं एकेक करून उठून दिसायला लागतं, आणि बहुतेक वेळा तिथे तुम्ही आणि वारा सोडून कोणी नसतं.