कॉन्सर्ट सोप्रानो म्हणून कारकीर्द कशी उभारावी

सोप्रानो हा स्त्रीकंठाचा सर्वांत उंच पल्ला. हा आवाज लाभलेल्या प्रत्येक गायिकेने ऑपेराच्याच रंगमंचावर जावे, असे मुळीच नाही. वेशभूषा आणि अभिनयाविना, ऑर्केस्ट्रा व कॉयरच्या (समूहगायकांच्या) पुढे उभे राहून ऑरेटोरिओ (बहुधा धार्मिक कथेवरची दीर्घ गायनरचना), मास (चर्चच्या उपासनेचे संगीत) आणि पॅशन (येशूच्या यातना व मृत्यूची संगीतकथा) गाणे, शिवाय पियानोच्या साथीने जर्मन वा फ्रेंच गीतांच्या मैफली करणे, यावर संपूर्ण कारकीर्द उभी राहू शकते. नेदरलँड्सच्या एली आमेलिंग यांनी १९५८ मध्ये जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धा जिंकली आणि पुढे अनेक दशके त्या प्रामुख्याने याच वाटेने चालल्या. ऑपेरात त्या क्वचितच दिसल्या.

या क्षेत्रातली खरी पुंजी म्हणजे तयार असलेल्या रचना, आणि एजंट शोधण्यापूर्वी ती जमवावी, असे माझे ठाम मत आहे. नाताळाच्या सुमारास इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी हेंडेलचा ‘मसाया’ होतो, तर इस्टरपूर्वीच्या आठवड्यांत जर्मनीतील लहानमोठ्या गावांच्या चर्चमध्ये बाखचे ‘सेंट जॉन’ (१७२४) आणि ‘सेंट मॅथ्यू’ पॅशन गायले जातात. यांच्या जोडीला हायडनचे ‘क्रिएशन’, मोझार्टचे रेक्विएम (मृतांच्या स्मरणार्थ गायली जाणारी रचना) आणि सी मायनरमधील मास, ब्राम्स आणि फोरे यांची रेक्विएम एवढ्या रचना पक्क्या असल्या, की वर्षातील बऱ्याचशा निमंत्रणांना होकार देता येतो. ‘पक्क्या’ म्हणजे दोन दिवसांच्या सूचनेवर गाता येतील इतक्या. स्वरलिपी पाहताक्षणी वाचता येणे त्यासाठी अनिवार्य आहे, आणि त्याची सर्वोत्तम शाळा म्हणजे चांगला कॉयर. ऑक्सफर्डमध्ये ग्रीक-लॅटिन शिकलेल्या एमा कर्कबी आधी शाळेत शिकवत आणि कॉयरमध्ये गात. तिथूनच त्या बाख-हेंडेलच्या काळापर्यंतच्या जुन्या युरोपीय संगीताच्या अग्रगण्य सोप्रानो झाल्या.

तयारीत एक गोष्ट बहुतेक जणी विसरतात, ती म्हणजे बसून राहण्याची सवय. ब्राम्सच्या ‘जर्मन रेक्विएम’मध्ये सात भाग आहेत आणि सोप्रानोचे एकल गायन फक्त पाचव्या भागात येते. सुमारे चाळीस मिनिटे व्यासपीठावर निश्चल बसल्यानंतर उभे राहायचे, तंतुवाद्यांचे दबक्या आवाजातले मोजके स्वर होताच थंड पडलेल्या गळ्याने अतिशय संथ, लांबलचक ओळ उचलायची आणि पुढे तार सप्तकातही तोच मऊपणा राखायचा, ही फार कठीण परीक्षा आहे. म्हणून घरी रेकॉर्डिंग लावून पहिले चार भाग गप्प बसून ऐकावेत आणि मग पाचवा भाग गावा. आवाज आधी तापवून केलेला रियाज इथे फसवतो. मालरच्या चौथ्या सिम्फनीतही सोप्रानोची पाळी थेट शेवटच्या भागात येते.

आवाजाला वयाआधी ओझे देऊ नये. रिचर्ड स्ट्राउसची ‘चार अखेरची गीते’ कोणत्याही सोप्रानोला मोहात पाडतात, पण १९५० मध्ये लंडनला ती प्रथम गाणाऱ्या किर्स्टन फ्लागस्टाड या वाग्नरच्या ऑपेरांतील, भरदार आणि परिपक्व आवाज लागणाऱ्या भूमिकांसाठी विख्यात होत्या, हे लक्षात ठेवावे. विशीत बाख, हेंडेल आणि मोझार्ट पुरेसे आहेत.

मुंबई, पुणे किंवा गोव्यातून सुरुवात करणाऱ्या मुलीने चर्चचा कॉयर आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजसारख्या संस्थांच्या संगीत परीक्षा यांचा पाया घालून घ्यावा. पुढच्या शिक्षणासाठी मात्र बहुधा युरोप गाठावा लागतो. मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ लंडनच्या गिल्डहॉल या संगीत व नाट्य विद्यालयात शिकल्या, संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी त्यांच्या आवाजासाठी अनेक रचना लिहिल्या आणि २००९ पासून त्यांनी भारतातल्या तरुण गायकांना शिकवण्याचा उपक्रम चालवला. इथल्या मुलींसाठी हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

काम देणारी माणसे म्हणजे कॉयरचे संचालक, चर्चचे ऑर्गनवादक आणि कंडक्टर. त्यांना थोडक्यात पत्र लिहावे, सोबत तीन वेगळ्या शैलींतील रचनांचे विनाकाटछाट ध्वनिमुद्रण आणि तयार रचनांची प्रामाणिक यादी जोडावी. पुन्हा बोलावणे येते ते मुख्यतः तालमीतील वागणुकीवरून. ऑर्केस्ट्राबरोबर बहुधा एकच तालीम मिळते, तीही अनेकदा मैफलीच्याच दिवशी. तिथे कठीण जागा एकदा पूर्ण आवाजात गाऊन बाकीचे अर्ध्या आवाजात गायल्यास संध्याकाळपर्यंत गळा शाबूत राहतो. मानधन दर मैफलीमागे ठरते, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे शिकवण्या किंवा कॉयरमधील पगारी जागा सोडू नये.

आजारी पडलेल्या गायिकेच्या जागी गाण्यासाठी ऐनवेळी फोन आला, तर होकार देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, स्कोअरची (छापील स्वरलिपीची) आवृत्ती कोणती, कारण आवृत्ती वेगळी असेल तर पृष्ठक्रमांक जुळत नाहीत आणि तालमीतला मोलाचा वेळ पाने शोधण्यात जातो. दुसरी, पट्टी कोणती. जुन्या वाद्यांचा ऑर्केस्ट्रा बहुधा ४१५ हर्ट्झवर, म्हणजे आजच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा साधारण अर्ध्या स्वराने खाली लावलेला असतो आणि सवयीचा गळा तिथे चकतो. तिसरी, लॅटिनचा उच्चार इटालियन धाटणीचा की जर्मन, कारण मासमधला Agnus (कोकरू) हा शब्द कॉयर इटालियन धाटणीने ‘आन्युस’ म्हणणार की जर्मन धाटणीने ‘आग्नुस’, हे एकल गायिकेला आदल्या रात्रीच ठाऊक असायला हवे.